ऑईल फिल्टर काढताना दर वेळी तेल सांडतंच, तुम्ही काय करता?

पार्किंगमधला_पुणेकर
नमस्कार मंडळी. माझी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, गेली दोन वर्षं ऑईल चेंज घरीच करतोय. तेल काढायला काही त्रास नाही, खाली घमेलं सरकवायचं, ड्रेन बोल्ट सोडायचा, सगळं बरोब्बर घमेल्यात. पण फिल्टर! तो इंजिनाला आडवा बसलाय आणि नेमका त्याच्याखालून सायलेन्सरचा पाईप गेलाय. जरा सैल केला की तेल फिल्टरच्या अंगावरून ओघळतं ते हातावर, कोपरापर्यंत, पाईपवर आणि तिथून घमेल्याच्या बाहेर. मागच्या वेळी गाडी चालू केल्यावर पाईपवरचं तेल जळून एवढा धूर झाला की वॉचमन काका पाण्याची बादली घेऊन धावत आले. पेव्हर ब्लॉकवर परातीएवढा डाग पडलाय, तीन महिने झाले तरी जात नाही, आणि कमिटीने सांगितलंय की परत डाग दिसला तर पार्किंगमध्ये काम बंद. मला हे काम मनापासून आवडतं हो, बंद करायचं नाहीये. काहीतरी उपाय सांगा.

सांगलीचा_मेस्त्री
दादा, तुम्ही ड्रेन झालं की लगेच फिल्टर फिरवून काढताय, तिथंच घोळ होतोय. खालचं तेल गेलं म्हणजे फिल्टर रिकामा झाला असं नसतं. आत रबराची झडप असते, इंजिन बंद असताना तेल परत खाली जाऊ नये म्हणून, म्हणजे तो भरलेलाच राहतो. आता असं करा, गाडी पाच मिनिटं चालवा, तेल कोमट होऊ दे, कडकडीत नको. ड्रेन करताना वरचं तेल भरायचं झाकण उघडं ठेवा, धार सलग पडते, भकभक उडत नाही. मग फिल्टर पान्याने पाव आटाच सैल करायचा, थेंब दिसायला लागले की थांबायचं. हात लावायचा नाही. चहा पिऊन या, पंधरा-वीस मिनिटं जाऊ देत. हवा आत शिरते आणि बरंचसं तेल थेंब थेंब गळून जातं, मग उरतं ते थोडंच.

आणि तेल पेटलं तर पाणी अजिबात मारू नका, पेटतं तेल पाण्यावर पसरतं. वॉचमन काकांना सांगून ठेवा, बादली वाळूची पाहिजे.

नाशिकची_स्वाती
मेस्त्रींचं बरोबर आहे, पण ते थेंबसुद्धा त्या पाईपवरच पडणार ना. मी स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉईल घेते, तीन-चार घड्या घालून जाड करते आणि फिल्टरखाली पन्हळ करून बसवते, एक टोक इंजिनाला चिकटून, दुसरं घमेल्यात. फॉईल वाकवाल तशी वाकते त्यामुळे अडचणीच्या जागीही बसते. नंतर फिल्टर काढताना एक लिटरच्या दुधाची पिशवी, वरून पूर्ण कापलेली, फिल्टरवर मोज्यासारखी चढवायची आणि बाहेरून फडक्याने धरून पिशवीतच फिरवायचा. सुटला की तोंड वर करून पिशवीसकट बाहेर. लांब हातमोजे घाला, जुनं तेल कातडीला चांगलं नसतं.

बुलेट_चिपळूण
एवढं कशाला, फिल्टरच्या बुडाला खिळ्याने भोक पाडा, सगळं तेल एका धारेत खाली. मी तेच करतो.

सांगलीचा_मेस्त्री
भोक पाडल्यावर फिल्टर सुटलाच नाही तर काय करणार भाऊ? मग गाडी चालू करायची सोय राहत नाही. आधी तो सैल होतोय याची खात्री झाली तर गोष्ट वेगळी, आणि सैल झालाच तर भोकाची गरजच काय.

एक महत्त्वाचं राहिलं. फिल्टर काढल्यावर त्याची रबर रिंग त्याच्यासोबतच आलीय का बघायचंच. कधीकधी जुनी रिंग इंजिनाला चिकटून राहते, वर नवा फिल्टर बसवला की दोन रिंगा होतात, चालू केल्यावर प्रेशरने तेल भसाभसा बाहेर येतं. बोट फिरवून बघा, नुसतं डोळ्यांनी नको. नव्या रिंगेला नवं तेल लावा, रिंग टेकली की हाताने पाऊण फेरा, बस. पान्याने आवळाल तर पुढच्या वेळी तुम्हालाच सुटणार नाही.

एडिसन_न्यूजर्सी
आमच्याकडे वापरलेलं तेल ऑटोपार्ट्सच्या बऱ्याच दुकानांत फुकट घेतात, घरात साठवावं लागत नाही. पुण्यात काय करता?

पार्किंगमधला_पुणेकर
@एडिसन मी जुन्या कॅनमध्ये भरून कोपऱ्यावरच्या गॅरेजला देतो, त्यांच्याकडे पिंप असतं, तिथून तेल नेणारे येतात. गटारात कधीच ओतत नाही.

आणि मंडळी, रविवारी केलं! पन्हळ बसवायलाच वीस मिनिटं गेली, पहिली फॉईल फाटली, दुसरी नीट बसली. पाव आटा सैल करून वर चहाला गेलो, खाली आलो तर पन्हळीतून बारीक काळी धार घमेल्यात चाललेली, पाईप कोरडा. रिंग फिल्टरसोबतच आली, तरी बोट फिरवून बघितलं. फरशीवर रद्दी आणि त्यावर सुताराकडचा भुसा टाकला होता, त्यावर मोजून चार थेंब. गाडी चालू केल्यावर ऑईलचा लाल दिवा दोन-तीन सेकंदात गेला, फिल्टरपाशी गळती नाही.

फक्त ड्रेन बोल्टला आज सकाळी ओल दिसतेय, थेंब पडत नाही पण बोट लावलं तर लागतं. जास्त आवळू का?

सांगलीचा_मेस्त्री
आवळू नका, चेंबरचे आटे जातील. वायसर जुनाच घातला ना? तांब्याचा नवा आणा, स्वस्तात मिळतो. पुढच्या ड्रेनला बदला, तोवर रोज सकाळी इंजिनातली तेल मोजायची पट्टी काढून लेव्हल बघत जा, आणि थेंब पडायला लागला तर मात्र थांबू नका, लगेच बदला.