शब्दचर्चा : 'सवलत दर' की 'वटाव दर'? गाळाच्या अहवालातले काही शब्द

(उत्तरं देणारे 'आकडेमोड', 'होटगी रोड' आणि 'माळावरून' ही टोपणनावं आहेत.)

विचारणा (उत्तर सोलापूर)
पाझर तलावातला गाळ काढण्याचा प्रकल्प अहवाल मराठीत करून ग्रामसभेपुढे ठेवायचा आहे. मूळ मसुद्यातल्या 'डिस्काउंट रेट 8 टक्के'चं कुणीतरी 'सवलत दर 8 टक्के' केलंय. 'एक्स्टर्नॅलिटी'ला 'बाह्यता' आणि 'एनपीव्ही'ला 'निव्वळ वर्तमान मूल्य'. हे शब्द चालतील का?

आकडेमोड
'सवलत' आधी खोडा. सभेत पहिलाच प्रश्न येईल : आठ टक्के सवलत कुणाला, खातेदाराला की ठेकेदाराला? इथे कुणालाच काही माफ होत नाही. पुढे मिळणारी रक्कम आजच्या भावात किती धरायची, एवढंच ठरतंय. त्याला पेठेतला जुना शब्द आहे 'वटाव'. हुंडी (ठरल्या मुदतीला पैसे देण्याची चिठ्ठी) मुदतीआधी वटवली की जी रक्कम कापून घेत, ती. चेक अजूनही 'वटतो'च. 'बट्टा'ही त्याच अर्थाचा आहे, पण तो ऐकला की 'नावाला बट्टा'च आठवतो. म्हणून 'वटाव दर'.

आता हा दर ग्रामसभेला का कळायला हवा, ते बघा. समजा खर्च आज 40 लाख, फायदा दर वर्षअखेर 5 लाख, 15 वर्षं. सरळ बेरीज 75 लाख. पण वटवून :
6 टक्क्यांनी 48.6 लाख
8 टक्क्यांनी 42.8 लाख
10 टक्क्यांनी 38 लाख
म्हणजे तोच तलाव, तोच गाळ. आठला प्रकल्प पास, दहाला नापास. आणि काम जूनच्या आत न उरकता पावसात अडकलं, तलाव पुढच्या पावसाळ्यात भरला, म्हणजे फायद्याचे सगळे हप्ते एक वर्ष पुढे सरकले, तर आठ टक्क्यांनाही 39.6 लाखच येतात. प्रकल्प तिथेच बुडाला. अहवालात दर एका ओळीत आणि कामाचं वेळापत्रक परिशिष्टात असतं, म्हणून हे कुणाच्या डोळ्यांत येत नाही.

होटगी रोड
'वटाव' बरोबर आहे, पण तिशीतल्या पोरांना तो माहीत नसणार. शब्द ठेवा आणि खाली एक ओळ द्या : 'पुढच्या वर्षीचे 108 रुपये म्हणजे आजचे 100, असं धरलं आहे.'

दुसरं, दर महागाईसकट आहे की महागाई वगळून, ते लिहाच. नेहमीची चूक अशी : फायदे आजच्या भावाने मोजायचे (गाळ, चारा, वाचलेलं डिझेल) आणि वटवायला बँकेचा 11 टक्के दर घ्यायचा, ज्यात महागाई आधीच धरलेली असते. महागाई 5 टक्के असेल तर खरा दर 1.11 भागिले 1.05, म्हणजे साधारण 5.7 टक्के. या घोळात चांगला तलाव कागदावर मरतो. मी तर 'महागाई वगळून वटाव दर' असंच पूर्ण लिहीन, लांब झालं तरी.

विचारणा
म्हणजे दर कमी धरला की सगळंच पास होणार ना? मग तो ठरवायचा कुणी?

आकडेमोड
होणार, म्हणूनच दर एकटा छापू नये, तीन दरांचं कोष्टक द्यावं. हा वाद गावापुरता नाही. ब्रिटिश सरकारसाठी अर्थतज्ज्ञ निकोलस स्टर्न यांनी केलेल्या 2006 च्या अहवालात हवामानबदलाच्या नुकसानीला सुमारे 1.4 टक्के दर धरला होता. अर्थतज्ज्ञ विल्यम नॉर्डहाउस (2018 चे नोबेल मानकरी) त्याहून बराच चढा दर धरत आले. 50 वर्षांनी होणारं 100 रुपयांचं नुकसान 1.4 टक्क्यांनी आज 50 रुपयांचं ठरतं आणि 8 टक्क्यांनी 2 रुपये 13 पैशांचं. दोघांचं हवामानशास्त्र फारसं वेगळं नव्हतं. स्टर्न यांचा 'कार्बनवर आजच कडक कर लावा' आणि नॉर्डहाउस यांचा 'तो हळूहळू चढवा' या सल्ल्यांतला बराचसा फरक या दरातून आला.

माळावरून
'बाह्यता'बद्दल. पाठ्यपुस्तकात असू दे, ग्रामसभेत नको. 'हिशोबाबाहेरचा खर्च' किंवा 'हिशोबाबाहेरचा फायदा' लिहा, म्हणजे करणाऱ्याच्या हिशोबात न येता तिसऱ्यावर पडणारा. दोन्ही बाजू या शब्दात बसतात. वरच्या शहरांचं सांडपाणी भीमेतून उजनीत उतरतं आणि ते शुद्ध करण्याचा भार खालच्या पाणीपुरवठ्यावर पडतो, हा हिशोबाबाहेरचा खर्च. तुमच्या तलावामुळे शेजारच्या शिवारातल्या विहिरींना पाणी वाढलं, हा हिशोबाबाहेरचा फायदा. मात्र काम निघाल्यावर ट्रॅक्टरचं भाडं वाढलं, ते यात धरू नका. एकाचा खिसा हलका, दुसऱ्याचा जड, एवढंच. समाजाची साधनं त्यात खर्ची पडली नाहीत.

विहिरीचं पाणीही एकदाच मोजा. तलावातला वाढलेला साठा एका रकान्यात आणि तोच मुरून विहिरीत आलेला दुसऱ्या रकान्यात, असं सर्रास होतं. गाळाचंही तसंच : शेतात टाकलेल्या गाळाची किंमत धरली तर त्या गाळाने वाढलेलं उत्पन्न पुन्हा धरायचं नाही.

'एनपीव्ही'ला मात्र जपून. आपल्याकडे हा शब्द दोन अर्थांनी फिरतो. अर्थशास्त्रात तो वजाबाकीचा निकाल आहे : वटवलेला फायदा वजा वटवलेला खर्च. वनखात्याच्या फायलीत तीच अक्षरं म्हणजे वनजमीन दुसऱ्या कामाला देताना भरायची हेक्टरी रक्कम. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये ती जंगलाच्या प्रकार-घनतेनुसार 4.38 ते 10.43 लाख ठरवली, अभयारण्यात पाचपट, राष्ट्रीय उद्यानात दहापट. 2022 मध्ये दर वाढले. पहिल्याला 'निव्वळ वर्तमान मूल्य' म्हणा, दुसऱ्याला सरळ 'वनमूल्य आकारणी'. एकाच अहवालात दोन्ही आले आणि दोन्हींना एकच नाव दिलं, तर भरायची रक्कम नफ्याच्या रकान्यात जाऊन बसते.

होटगी रोड
याला जोडून 'पडीक'. गाळ टाकायला 'पडीक जमीन' असं अहवालात असेल तर आधी जागा बघून या. सातबाऱ्यावर पोटखराब म्हणजे लागवडीला नालायक, एवढाच त्याचा अर्थ, निरुपयोगी नव्हे. नान्नजच्या बाजूला असा माळ म्हणजे कुसळी गवत, काळवीट, लांडगा, आणि ज्याच्यासाठी 1979 मध्ये अभयारण्य झालं तो माळढोक. 'पडीक' लिहिलं की तिथला चारा, पाण्याचं मुरणं, पक्षी सगळ्यांची किंमत शून्य धरली जाते आणि पुढचा अहवाल तिथे झाडं लावायला निघतो. माळढोकाला मोकळा माळ लागतो, झाडी नाही. 'माळरान' लिहा आणि चराईचा तरी आकडा टाका : किती जनावरं, किती महिने, तेवढा कडबा विकत घ्यावा लागला तर काय भाव.

विचारणा
'वटाव दर (महागाई वगळून)' घेतो, तीन दरांचं कोष्टक करतो. कोष्टकावर शीर्षक काय?

आकडेमोड
'आजच्या भावात फायदा-तोटा'. खाली दोन ओळी : काम वेळेत झालं तर, आणि एक पावसाळा हुकला तर.