री: री: री: अण्णा आऊट कसे?

प्रेषक: 'अ' संघाचा कॅप्टन
सोमवार, सकाळी 6:48

मंडळी,

कालच्या किकबॉलच्या (बेसबॉलसारखाच, पण बॅटऐवजी पायाने खेळायचा) मॅचबद्दल काही बोलायचं नाही असं ठरवून झोपलो होतो, पण झोपच लागली नाही. जे मैदानावर नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. पाचवी, म्हणजे शेवटची इनिंग, किक करायची पाळी आपली. 6-6. दोन आऊट. तिसऱ्या बेसवर आपले अण्णा. एक रन आली की मॅच आपली, आणि मंडळाचा संघ तीन वर्षांत पहिल्यांदा प्लेऑफला. किक शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फील्डरकडे गेली. अण्णा निघाले. शॉर्टस्टॉपने पहिल्या बेसकडे न टाकता चेंडू थेट अण्णांवर हाणला आणि तो लागला डोक्याला. खांद्याच्या वर लागला की रनर सेफ, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तरी आऊट! मॅच बरोबरीत सुटली, प्लेऑफ हुकलं.

आणि आऊट दिला कोणी? आपल्याच 'ब' संघातून पंच म्हणून गेलेल्या ताईंनी. घरचं माणूस! गल्लीत बॅटिंग करणाऱ्यांचाच अंपायर असायचा, तेव्हा निदान संशयाचा फायदा तरी मिळायचा. लीगकडे लेखी तक्रार करावी असं माझं मत आहे. मंडळाच्या लेटरहेडवर.


प्रेषक: खाद्य समिती
सोमवार, सकाळी 8:05

निळा कूलर कोणाच्या गाडीत गेला? त्यात पन्ह्याची बाटली आणि चटणीचे तीन डबे आहेत. डबे माझे नाहीत, सासूबाईंचे आहेत. कृपया तातडीने कळवा.


प्रेषक: 'अ' संघ, डावा आऊटफील्ड
सोमवार, सकाळी 8:31

लेटरहेडला माझा पाठिंबा. व्हिडिओ आहे माझ्याकडे. मात्र नेमक्या त्या क्षणी माझा अंगठा आलाय.


प्रेषक: ताई ('ब' संघ)
सोमवार, दुपारी 12:20

नमस्कार. जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. लांबेल.

आधी नियम. खांद्याच्या वर चेंडू लागला तर रनर सेफ, बरोबर. पण त्याच कलमात पुढे असंही आहे की रनर वाकल्यामुळे, बसल्यामुळे किंवा घसरल्यामुळे डोकं चेंडूच्या वाटेत आलं, तर तो आऊट. ते बरोबरच आहे, नाहीतर चेंडू दिसला की जो तो डोकं पुढे करेल. काल चेंडू कमरेच्या उंचीने आला. अण्णा वाकले. ताठ पळत असते तर पोटाला लागला असता आणि तरीही आऊटच होते. मी हे होम प्लेटच्या, म्हणजे किक मारायच्या जागेच्या मागून पाहिलं. तुम्ही कुंपणाजवळच्या बाकावरून पाहिलंत, तेही उठून उभे राहात असताना.

आता जरा पंचगिरीबद्दल, कारण ती कोणीच करत नाही आणि सगळ्यांनाच येते.

बेसबॉलमध्ये पहिल्या बेसवरचा पंच नजर रनरच्या पायावर ठेवतो आणि कान चेंडूकडे. ग्लोव्हात चेंडू पडल्याचा 'फट्' आधी आला की पाय आधी टेकला, एवढंच बघायचं. आपल्याकडे ग्लोव्ह नाही. दहा इंची लाल रबरी चेंडू, तो कोणी छातीशी कवटाळतं, कोणी दोन्ही हातांत झेलतं, कोणाच्या कोपरात अडकतो. आवाज कधी 'थप्', कधी काहीच नाही. मग पायाकडे बघू की हातांकडे? दोन्हीकडे एकदम बघता येत नाही. मी पाय बघते आणि चेंडूचा अंदाज करते. म्हणजे मोसमात चार-पाच निर्णय माझे चुकतच असणार. कुठले, ते मलाही माहीत नाही.

पिचिंगचंही तसंच. प्लेटपर्यंत येताना चेंडूचे निदान दोन टप्पे पडायला हवेत. दुसरा टप्पा प्लेटच्या अलीकडे पडला की प्लेटवर, हे ठरवायला डोळ्याची पापणी लवेपर्यंतचा वेळ. त्यात मागून तुमच्यापैकी कोणीतरी 'बॉल, बॉल' (म्हणजे चुकीचा टाकला) ओरडत असतं. पिचर आपला असला की तोच आवाज 'स्ट्राइक' ओरडतो.

शाळेत असताना मी सांगलीला खो-खो खेळायचे. पाटीवरून उठताना 'खो' आधी मिळाला की मी आधी उठले, यावर पंचांनी फाऊल दिला तर फार तर नाक उडवायचं आणि पुन्हा पळायचं. सरांच्या अंगावर कोणी जात नसे. सर चुकत नव्हते असं नाही. चुकायचे.

आता खरं लिहायचं ते. तिसऱ्या इनिंगपासून बाकावरून येणारे शेरे मी ऐकत होते. 'हिला चष्मा द्या रे.' 'आज घरी काहीतरी बिनसलंय.' मराठीत बोललं म्हणजे खाजगी झालं असं तुम्हाला वाटत असेल, पण मैदानावर मराठी समजणारी तिसरी पार्टी मीच होते. समोरच्या संघाला काही कळलं नाही, त्यांना वाटलं तुम्ही चिअर करताय. त्यांच्या पिचरने मला विचारलंसुद्धा, काय म्हणताहेत? मी म्हटलं, मला प्रोत्साहन देताहेत.

आणि मॅच संपल्यावर दोन्ही संघ ओळीने हात मिळवतात ना, तेव्हा आपले पाच जण तडक पार्किंगकडे. ते लोक ओळ करून उभे. त्यांचा शॉर्टस्टॉप बिचारा अण्णांच्या टेंगळासाठी बर्फ शोधत फिरत होता. (निळ्या कूलरमधूनच घेतला असावा. विचारून बघते.)

'परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील' हे आपण गणेशोत्सवातल्या रांगोळी स्पर्धेच्या पत्रकात दरवर्षी छापतो. तिथे लेटरहेडवर तक्रार आलेली आठवत नाही. तक्रार करायची असेल तर जरूर करा, पण मंडळाच्या नावाने नको. मंडळात मीही आहे.

पुढच्या रविवारी आपल्या दोन्ही संघांना मॅच नाही, पण आपल्याकडून दोन पंच द्यायचे आहेत. यादीत आतापर्यंत एकच नाव आहे. माझं.


प्रेषक: काका (माजी अध्यक्ष)
सोमवार, संध्याकाळी 5:10

रडीचा डाव खडी.

आता थोडं विषयांतर. हा खेळ 1917 च्या सुमारास सिनसिनाटीच्या बागांमध्ये मुलांना बेसबॉल कळावा म्हणून खेळवू लागले. मोठ्यांची मोठी संघटना निघाली 1998 साली, आपल्या इथेच वॉशिंग्टनमध्ये. नॅशनल मॉलच्या हिरवळीवर, वॉशिंग्टन स्मारकाच्या सावलीत, ऑफिस सुटल्यावर टाय सैल करून खेळणारे लोक मी पाहिलेत. ते लोक शाळेतला खेळ परत खेळायला येतात. आपण शाळेत हा खेळ खेळलोच नव्हतो. आपण खेळलो आबाधुबी. तीत डोक्याला लागलं तर सेफ कोण? कोणीही नाही. मारणारा पळून जायचा, एवढाच नियम. पंचच नव्हता, म्हणून रोजचा खेळ दिवेलागणीआधी भांडणातच संपायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच पोरं.

कॅप्टन, गल्लीत अंपायर आपलाच असायचा हे खरं. पण त्याच्या निर्णयावर समोरच्यांचा कधी विश्वास बसला होता का? मी दादरला एकदा अंपायर असताना सख्ख्या भावाला एलबीडब्ल्यू दिला. आठवडाभर घरात माझ्याशी कोणी बोललं नाही. समोरची टीम मात्र पुढे मोसमभर मलाच बोलवायची.


प्रेषक: 'अ' संघाचा कॅप्टन
सोमवार, संध्याकाळी 6:37

शेरे मी मारले नाहीत, पण थांबवलेही नाहीत. ताई, त्याबद्दल मनापासून सॉरी. पार्किंगकडे गेलेल्या पाचांत मी होतो. 270 हायवेवर ट्रॅफिक लागेल असं कारण मी तेव्हा दिलं, ते खरं नव्हतं.

निर्णयाबद्दल मात्र माझं म्हणणं कायम आहे. चेंडू चुकवायला वाकणं वेगळं आणि सहज वाकणं वेगळं. अण्णा का वाकले ते अण्णांनीच सांगावं. ते सांगतील ते मला मान्य.


प्रेषक: अण्णा
सोमवार, रात्री 9:42

मंडळी,

मी मेल रात्रीच बघतो, त्यामुळे दिवसभर माझ्यावर चर्चा चालली आहे हे आत्ता कळलं. टेंगूळ उतरलं आहे. चौकशी फक्त शॉर्टस्टॉपने केली, मेसेज करून.

मी वाकलो. चेंडू मला दिसलाच नव्हता. टोपी उडाली म्हणून वाकलो. टोपी मंडळाचीच, रौप्यमहोत्सवाची. तेव्हा समितीने सगळ्यांना एकाच साइजच्या मागवल्या होत्या आणि माझ्या डोक्यावर ती आजवर कधी बसलेली नाही. पळताना हात लावून धरावी लागते. काल हात सुटला.

आऊट दिल्यावर, तुम्ही सगळे ओरडत होतात तेव्हा, मी ताईकडे जाऊन सांगितलं की निर्णय बरोबर आहे, मी वाकलोच होतो. तिने तिच्या मेलमध्ये हे लिहिलं नाही. तुम्ही माझ्यावर घसराल असं वाटलं असेल. आज नियमावली उघडून ते कलम दोनदा वाचलं. रनर का वाकला याची चौकशी करा असं त्यात कुठेही नाही. टोपीचाही उल्लेख नाही.

लेटरहेड काढायचंच असेल तर टोपीच्या साइजबद्दल काढा.

रविवारी पहिल्या बेसवर पंच म्हणून माझं नाव घाला. गुडघा तसाही पळू देत नाही. ताई, पाय बघायचा आणि आवाज ऐकायचा, हे रविवारी अर्धा तास आधी येऊन दाखव. आणि बाकावर बसणाऱ्यांनी लक्षात ठेवा, मलाही मराठी येतं.


प्रेषक: 'अ' संघाचा कॅप्टन
सोमवार, रात्री 9:58

मान्य. टोप्यांची ऑर्डर मीच दिली होती.


प्रेषक: खाद्य समिती
मंगळवार, सकाळी 7:15

कूलर सापडला. शॉर्टस्टॉपच्या गाडीत होता, बर्फ घेऊन परत ठेवायचा राहिला म्हणे. पन्हं शिल्लक आहे. चटणी नाही. रेसिपी मागितली आहे, पण त्यासाठी सासूबाईंना विचारावं लागेल. डबे रविवारी मैदानावर आणून देतो म्हणाला, त्यांची मॅच नसली तरी.