लिफ्टमधला हसरा चेहरा: वीज वाचते का नुसत्या चौकश्या वाढतात?

इंदिरानगरकर:
आमच्या सेक्रेटरींनी लिफ्टमधे कागद चिकटवलाय, प्रत्येक फ्लॅटचे गेल्या महिन्याचे युनिट, सरासरीपेक्षा कमी असतील तर पुढे हिरवा हसरा चेहरा. आमच्या नंबरापुढे चेहरा नाही, तेव्हापासून गीझर चालू राहिला की मी शिव्या खातोय. पण मला आयडिया पटली. कॅलिफोर्नियात सॅन मार्कोसला हाच प्रयोग झालेला, २००७ ला छापून आला, नुसती सरासरी सांगितली तर कमी वापरणारे उलट जास्त वापरायला लागले, सोबत हसरा चेहरा रेखाटून दिला तेव्हा थांबले.

सिडकोवाला:
चोंबडेपणा आहे हा. आमच्या मजल्यावर एका आजोबांचं ऑक्सिजन मशीन रात्रंदिवस चालू असतं, त्यांचे युनिट लिफ्टमधे लावले तर सुनेने काय तोंड लपवत फिरायचं? आणि अमेरिकेत ओपॉवर नावाच्या कंपनीने लाखो घरांना अशीच शेजाऱ्यांशी तुलना करणारी पत्रं पाठवली, बचत किती, तर सरासरी २ टक्के.

इंदिरानगरकर:
२ तर २, कागदाला खर्च काय येतो भाऊ?

पंचवटीची ताई:
अहो चेहरे कसले काढताय, पंखे बदला. जुना पंखा ७५ वॅटचा, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा ३० च्या आसपास. रोज १० तास धरले तर महिन्याला एका पंख्यामागे १३ युनिट, तीन पंख्यांचे चाळीस. आमचे १३० यायचे ते शंभरच्या आत आले, आणि शंभरच्या पुढे दर कसा चढतो ते बिल भरणाऱ्याला विचारा.

नाशिकरोडकर:
ताईंशी सहमत. आमच्या गॅलरीतून एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची धुराडी दिसतात म्हणून विषय जवळचा. जानेवारी २०२० पासून एसी २४ वरच सुरू होईल असा नियम आहे, एक डिग्री वाढवली की साधारण ६ टक्के वीज वाचते म्हणतात. पण आमच्या ऑफिसात रिमोट ज्याच्या हाती पडतो तो पहिलं १८ करतो आणि मग शाल पांघरून बसतो. नव्या मीटरवर ९ ते ५ युनिटमागे सूट आहे, त्या वेळेत घरी असतं कोण?

पंचवटीची ताई:
आम्ही असतो ना. मशीन, इस्त्री सगळं दुपारी.

इंदिरानगरकर:
आजोबांचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. फ्लॅट नंबर काढून नुसती विंगची बेरीज लावा म्हणतो सेक्रेटरींना.

सिडकोवाला:
मग बी विंगवाले ए विंगच्या नावाने बोंबलणार. पार्किंगवरून भांडतात तेवढं पुरे नाही का?