लिहायला शिकण्यासाठी दोन वर्षे कशाला?

शब्दमजूर

दोन दिवसांपूर्वी या चर्चामंचावर एका सदस्याने लिहिले की, व्यावसायिक लेखन आणि संज्ञापन (म्हणजे माहिती वाचकापर्यंत नीट पोहोचवणे) या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेणे म्हणजे आईवडिलांचे पैसे पाण्यात घालणे आहे. ज्याला भाषा येते त्याला लिहिता येते, ज्याला येत नाही त्याला विद्यापीठ ते शिकवू शकत नाही, आणि आता तर हे काम संगणकही करतो. अनेकांनी त्याला माना डोलावल्या. मला ते वाचून आलेला राग अजून उतरलेला नाही, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

मी मराठी साहित्यात एम.ए. केले आणि चौदा वर्षे अनुवादावर पोट भरतो आहे. २०१६ साली एका कीटकनाशकाच्या डब्यासोबत येणारे माहितीपत्रक मी मराठीत आणले. दर शब्दाला ६० पैसे होता आणि मुदत एका रात्रीची. मूळ मजकुरात मात्रा हेक्टरी २५० मिलिलिटर आणि पाणी ५०० लिटर अशी दिली होती, ती मी तशीच उतरवली. पुढच्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. माझ्या पत्रकाचा त्या दुर्घटनेशी संबंध नव्हता, पण बातम्या वाचून मी ते पत्रक पुन्हा काढले आणि मामांना दाखवले. मामा जमीन एकरात मोजतात, त्यांच्या पाठीवरचा पंप १५ लिटरचा आहे आणि औषध ते डब्याच्या झाकणाने मोजतात. एका पंपाला साडेसात मिलिलिटर, एवढे एकच वाक्य त्यांना हवे होते आणि माझ्या पत्रकात तेच नव्हते. शुद्धलेखनाची मात्र एकही चूक नव्हती.

हे पत्रक कोणाच्या हाती पडेल, तो ते बांधावर उभा राहून वाचेल की घरी, त्याच्याजवळ माप कोणते असेल, हे विचारायला मला दोन वर्षांच्या एम.ए.मध्ये कोणी शिकवले नाही. वाचकाच्या हाती मसुदा देऊन तो कुठे अडखळतो ते पाहायचे आणि मग मजकूर बदलायचा, ही एक विद्या आहे. ती शिकवता येते आणि ती शिकवली गेली पाहिजे.

उमेदवार

आपली तळमळ मला मान्य आहे, निष्कर्ष नाही. पुण्यात सॉफ्टवेअरची माहितीपुस्तके लिहिणाऱ्या चमूचे काम मी अठरा वर्षे पाहतो आहे. ज्यांच्याकडे संज्ञापनाची पदव्युत्तर पदवी होती अशा अनेकांच्या मुलाखती मी घेतल्या. मी प्रत्येकाला एकच काम देतो: समोरच्या यंत्रात कागद अडकला आहे, तो काढण्याची कृती लिहा. पदवीधरांपैकी बहुतेकांनी आधी एक परिच्छेद प्रस्तावना लिहिली, आणि यंत्र बंद करून वीज तोडा ही सूचना पाचव्या पायरीवर घातली, म्हणजे हात आत गेल्यानंतर. याउलट माझ्याकडची सर्वांत चांगली लेखिका वाणिज्य शाखेची पदवीधर आहे. सहा महिने तिचा प्रत्येक मसुदा लाल होऊन परत गेला आणि ती तयार झाली.

आपल्याकडे हे काम याच रीतीने शिकवले जात असे. हेमाडपंतांच्या नावावर सांगितली जाणारी मेस्तके (दफ्तरी लिखाणाच्या नियमांची टिपणे), चिटणिसांच्या लेखनपद्धती, पत्रांचे ठरलेले मायने हे सगळे दफ्तरात उमेदवारी करणाऱ्या मुलाने थोरल्या कारकुनाच्या शेजारी बसून आत्मसात केले. ही कारागिरी आहे आणि कारागिरी वर्गात येत नाही.

तासिका तत्त्व

मी एका महाविद्यालयात मराठी शिकवते आणि अकरा वर्षे तासिका तत्त्वावर आहे, म्हणून मला या प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. उपयोजित मराठी ही अभ्यासपत्रिका आमच्याकडे आहे. तिच्यात जाहिरात, वृत्तलेखन, कार्यालयीन पत्रव्यवहार आणि अनुवाद यांवर घटक आहेत, आणि परीक्षेत प्रश्न येतो, ‘चांगल्या जाहिरातीची वैशिष्ट्ये सांगा.’ विद्यार्थी वैशिष्ट्ये पाठ करतो, पण जाहिरात लिहीत नाही. साठ मुलांचे मसुदे दर आठवड्याला तपासायचे तर त्या तासांचे मानधन कोणी देत नाही, कारण मानधन वर्गात उभे राहण्याचे मिळते, घरी वह्या तपासण्याचे नाही. मला गेल्या वर्षीचे मानधन या वर्षी दिवाळीनंतर मिळाले. पूर्णवेळ जागा भरल्या जात नाहीत आणि मग अभ्यासक्रम निकृष्ट आहे असे उमेदवार यांच्यासारखे लोक सांगतात, तेव्हा फार वाईट वाटते.

उमेदवार

आपल्या मानधनाबद्दल मला सहानुभूती आहे, परंतु आपण माझेच म्हणणे सिद्ध केले आहे. जेथे मसुदा तपासला जात नाही तेथे पदवी देऊ नये.

शब्दमजूर

हे उत्तर निष्ठुर आहे. डॉक्टर चुकीचे घडले तर वैद्यकीय महाविद्यालये बंद करा असे आपण म्हणत नाही. आपल्या कंपनीत सहा महिने लाल शाई वापरायला माणूस आहे. सातारा जिल्ह्यातल्या मुलीने ती उमेदवारी कोठे करायची? ओळख असलेल्याला दफ्तरात जागा मिळते आणि ओळख नसलेला दारातून परत जातो, ही त्या जुन्या व्यवस्थेची दुसरी बाजू आपण सोयीने वगळली आहे.

पैलतीर

मी अमेरिकेत तांत्रिक संज्ञापनात एम.एस. केले आहे. तेथे आम्हांला सहा अनोळखी माणसांना आपला मजकूर देऊन, ते मोठ्याने बोलत वाचत असताना शेजारी गप्प बसून टिपणे घ्यावी लागत. त्या गप्प बसण्याने मला जे शिकवले ते कोणत्याही वरिष्ठाने शिकवले नसते. त्या देशात २०१० साली सरकारी लेखन सोपे असावे असा कायदाही झाला.

चावडी

अमेरिकेचे राहू द्या. आपल्याकडे १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६४ साली राजभाषा अधिनियम आला, कारभारातल्या शब्दांचे कोश निघाले, आणि तरीही माझ्या आजीला तिच्या जमिनीची नोटीस वाचता आली नाही. कारण उघड आहे. बोलीतले शब्द हाकलून तेथे संस्कृत शब्दांची भरती केली गेली.

मसुदाकार

तीस वर्षे महसूल खात्यात काढलेला माणूस म्हणून मी या विधानाला ठाम विरोध करतो. संचालनालयाच्या कोशांनी इंग्रजीत चालणारा कारभार मराठीत आणला, हे काम लहान नाही. ‘लिपिक’ आणि ‘अधीक्षक’ हे शब्द आज शिपाईही सहज वापरतो. दर वेळी कोशकारांना झोडपणे ही एक सवय झाली आहे आणि मला तिचा उबग आला आहे.

चावडी

आपण शिपायाचे सांगता, मी आजीचे सांगतो. सहा वर्षांपूर्वी चुलत्यांनी वारसनोंदीत तिचे नाव डावलले. नोटीस आली, ती दिवाळीच्या फराळाच्या डब्याखाली राहिली आणि मुदत टळली. पुढे प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करून नाव लावायला अडीच वर्षे गेली. ती नोटीस माझ्यासमोर आहे. ‘उपरोक्त विषयान्वये सर्व हितसंबंधितांना कळविण्यात येते की, सदर फेरफार नोंदीबाबत कोणाची काही हरकत असल्यास त्यांनी १५ दिवसांचे आत लेखी पुराव्यानिशी दाखल करावी, कसूर केल्यास आपले काहीएक म्हणणे नाही असे गृहीत धरून नोंद प्रमाणित करण्यात येईल.’ ही भाषा कोणासाठी आहे ते मला सांगा.

मसुदाकार

यातले शब्द एकेक करून तपासू. ‘फेरफार’, ‘हरकत’, ‘कसूर’, ‘दाखल’ यांपैकी एकही शब्द संस्कृतातून भरती केलेला नाही. चावडीवर बसणाऱ्या कोणत्याही शेतकऱ्याला ते ठाऊक आहेत. आपल्या आजींनाही ‘फेरफार’, म्हणजे जमिनीच्या नोंदीतला बदल, ठाऊक असणार.

चावडी

ठाऊक होता. ‘फेरफाराला हरकत घ्यायची आहे’ हे तिनेच मला फोनवर सांगितले, मुदत टळल्यानंतर. शब्दांबाबत मी माझे म्हणणे मागे घेतो, पण तिच्यावर झालेल्या अन्यायाबाबत नाही.

शब्दमजूर

मग दोष शब्दांत नव्हता, वाक्यात होता. काय करायचे आहे हे वाक्याच्या पोटात गेले आहे, न केल्यास काय होईल हे शेपटाला आहे, आणि जमीन कोणाची व कोणती हे त्यात नाहीच. या दुखण्याचे निदान कोश करू शकत नाही आणि अठरा वर्षांचा अनुभवही आपोआप करत नाही, कारण तो मसुदा अनुभवी माणसांनीच वर्षानुवर्षे उतरवून काढला आहे. थोरल्या कारकुनाच्या शेजारी बसून हेच वाक्य शिकले गेले. उमेदवार यांनी याचे उत्तर द्यावे.

उमेदवार

हा मुद्दा मला टाळता येणार नाही. उमेदवारीत चांगली सवय जशी उतरते तशी वाईटही उतरते, आणि बाहेरून कोणी प्रश्न विचारल्याखेरीज ती मोडत नाही, एवढे मी मान्य करतो. त्यापलीकडे जाणार नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाचे ४ श्रेयांक ठेवले आहेत, म्हणजे १२० तास. एवढ्या तासांत लेखक घडत नाही. दोन वर्षांतले एक पूर्ण वर्ष तहसील कार्यालयात, रुग्णालयात किंवा कारखान्यात मसुदे लिहिण्यात गेले आणि ते तपासणाऱ्याला तपासण्याचे मानधन मिळाले, तर मी त्या पदवीच्या मुलांना मुलाखतीला बोलावीन.

तासिका तत्त्व

तपासण्याच्या मानधनाचा उल्लेख केल्याबद्दल आभार. ही नोटीस मला उद्याच्या तासाला हवी आहे. मुलांकडून ती नव्याने लिहून घेते.

शब्दमजूर

माझा मसुदा देतो: ‘गट क्रमांक अमुक या जमिनीच्या सातबाऱ्यावर पुढील वारसांची नावे लागणार आहेत. यात आपले नाव नसेल किंवा ही नोंद आपल्याला मान्य नसेल, तर नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत तलाठी कार्यालयात लेखी हरकत द्या. हरकत आली नाही तर ही नावे कायम केली जातील.’

उमेदवार

‘मिळाल्यापासून’ यावर वाद होईल. नोटीस चावडीवर लावली तर ती आजींना मिळाली कधी? १५ दिवस मोजायला लावू नका. शेवटची तारीख अंकांत लिहा आणि ती सर्वांत वर घ्या.

चावडी

तारीख वर असती तर ती डब्याखाली गेली नसती. मसुदाकार, अशी तारीख नोटिशीत लिहिण्यास नियमाची आडकाठी आहे का, तेवढे सांगा.