मदत हवी आहे: कोकेन सुटल्यानंतरचे उपचार मराठवाड्यात कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी, परभणीहून लिहितोय.

माझा धाकटा भाऊ पुण्यात नोकरीला होता. दिवाळीला घरी आला आणि दोन दिवस नुसता झोपून राहिला, चकलीला हातसुद्धा लावला नाही. नाकातून रक्त यायचं. आईला वाटलं घोळणा फुटला. ती कांदा फोडून हुंगायला द्यायची. शेवटी तिसऱ्या रात्री गच्चीवर त्यानेच मला सांगितलं: कोकेन, तीन वर्षांपासून, आणि बहुतेक वेळा दारूसोबत.

इथल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात नेलं. अर्जावर दारू, गांजा, गोळ्या, व्हाइटनर असे रकाने. कोकेनचा रकानाच नाही. तिथल्या ताईंनी 'इतर'वर खूण केली आणि म्हणाल्या, "दादा, असा पेशंट आपल्याकडे येत नाही, पुण्याला न्या." नेलं. म्हणजे माणूस परभणीचा आणि नोंद पुण्याची. जालना, लातूर, नांदेडची पोरंही अशीच तिकडे मोजली जात असतील, तर आपल्याकडे हे व्यसन कागदावर येणार कधी, आणि त्यासाठी सोय तरी कोण करणार? हे काही केल्या डोक्यातून जात नाही.

एम्सच्या 2019 च्या राष्ट्रीय पाहणीत देशात दारू पिणारे सुमारे 16 कोटी आणि कोकेन घेणारे 10.7 लाख असा अंदाज आहे. पण हे घेणाऱ्यांचे आकडे. उपचाराला कोण कुठून आलं, ते त्यात नाही. आणि मराठवाड्यात कोकेन येतच नाही म्हणावं, तर ऑक्टोबर 2023 मध्ये संभाजीनगरच्या धाडीत ते सापडलंच होतं ना?

डॉक्टर म्हणाले, कोकेन सोडवणारं खास औषध अजून निघालेलं नाही. सगळी भिस्त समुपदेशनावर. सुटल्यावर उदासी येते, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात, तेव्हा घराजवळ डॉक्टर हवाच. दर पंधरा दिवसांनी पुण्याला जाणं वडिलांच्या पेन्शनमध्ये बसत नाही.

तर, परभणी, नांदेड किंवा संभाजीनगरात कोकेनचे पेशंट तपासणारे मानसोपचारतज्ज्ञ कुणाला माहीत आहेत का? कुणी केंद्रात काम करत असाल तर हेही सांगा, की असे किती जण येतात आणि त्यांची नोंद कोणत्या रकान्यात होते? वडिलांना पोलिसांची धास्ती आहे. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या (एनडीपीएस) कलम 64-अ मध्ये स्वतःहून उपचार घेणाऱ्याला संरक्षण आहे म्हणतात, पण त्यासाठी ते व्यसनमुक्ती केंद्र सरकारी किंवा सरकारमान्य असावं लागतं. ते कसं तपासायचं?

पुढच्या रविवारी त्याला डिस्चार्ज आहे. त्याआधी कळलं तर फार बरं होईल.