मदत हवी आहे: झिंक फेराइटमध्ये स्पिन (अणूंचे सूक्ष्म चुंबक) गोठतात ते फ्रस्ट्रेशनमुळे की आयनांच्या अदलाबदलीमुळे?

नमस्कार. झिंक फेराइटचे (झिंक आणि लोहाच्या ऑक्साइडचे) दोन नमुने मी एकाच भुकटीपासून १००० अंश सेल्सिअसला भाजून तयार केले. एक भट्टीतच सावकाश थंड होऊ दिला, दुसरा थेट द्रव नायट्रोजनमध्ये टाकला. (तापवताना झिंक उडून जाते, म्हणून दोन्ही वड्यांचा वरचा थर खरवडून काढला आहे.) पहिल्यात अपेक्षेप्रमाणे १० केल्विनजवळ अँटिफेरोमॅग्नेटिक (शेजारचे स्पिन एकमेकांविरुद्ध रचले जाण्याचे) शिखर मिळाले. दुसऱ्यात मात्र एसी ससेप्टिबिलिटीचे (उलटसुलट बदलणाऱ्या चुंबकीय क्षेत्राला नमुना देतो त्या प्रतिसादाचे) शिखर १० हर्ट्‌झला २१.० आणि १००० हर्ट्‌झला २१.६ केल्विनवर येते, म्हणजे वारंवारिता दसपट झाली की सापेक्ष सरक सुमारे ०.०१४. तांबे-मँगनीजसारख्या नेहमीच्या स्पिन ग्लासमध्ये (स्पिन वेड्यावाकड्या दिशांना गोठतात अशा पदार्थात) ती ०.००५ च्या आसपास असते, त्यामुळे सुटे स्पिन नव्हे, तर त्यांचे छोटे पुंजके गोठत असावेत असे मला वाटते.

अडचण कारण ठरवण्याची आहे. झिंक फेराइटची रचना स्पिनेल प्रकारची: झिंक चार ऑक्सिजनांमधल्या (चतुष्फलकी) आणि लोह सहा ऑक्सिजनांमधल्या (अष्टफलकी) जागेत. या अष्टफलकी जागा कोपऱ्याला कोपरा जोडलेल्या चतुष्फलकांचे जाळे करतात आणि त्यात प्रत्येक शेजाऱ्याच्या विरुद्ध राहणे कोणत्याही स्पिनला जमत नाही. (हेच फ्रस्ट्रेशन; शब्दकोशातला 'वैफल्य' हा शब्द मनोव्यापाराचा वाटतो, म्हणून 'फ्रस्ट्रेशन'च ठेवतो.) पण झिंकशी अदलाबदल होऊन थोडे लोह चतुष्फलकी जागेत गेले, तर तिथून अष्टफलकी लोहाशी होणारी आंतरक्रिया इतकी प्रबळ असते की त्या लोहाभोवती फेरिमॅग्नेटिक (विरुद्ध स्पिन असूनही काही चुंबकत्व उरणारे) पुंजके तयार होतात. शिवाय यिट्रियम मॉलिब्डेटसारख्या पायरोक्लोरमध्ये (असेच चतुष्फलकांचे जाळे असलेल्या स्फटिकात) रासायनिक अव्यवस्था फारशी दिसत नसतानाही २२ केल्विनला स्पिन गोठतात, म्हणून शिखर सरकले एवढ्यावरून अव्यवस्थेला दोष देणे मला पटत नाही.

अदलाबदल क्ष-किरणांनी मोजायला गेलो, तर लोह २६ आणि झिंक ३० क्रमांकाचे, म्हणजे क्ष-किरणांना जवळपास सारखेच; त्यामुळे रिटव्हेल्ड विश्लेषणात (मोजलेल्या विवर्तन आलेखाशी रचनेचे प्रारूप जुळवताना) तापीय कंपनाचा घटक किंचित बदलला तरी उत्तर ४ टक्क्यांवरून ९ वर जाते. असा आकडा प्रबंधात लिहिण्याचे धाडस होत नाही.

न्यूट्रॉनसाठी वेळ मिळेपर्यंत, कमी तापमानाला प्रबळ क्षेत्रात घेतलेल्या मॉसबाउअर वर्णपटातून (लोहाची अणुकेंद्रके गॅमा किरण कसे शोषतात त्यावरून) दोन्ही जागांवरचे लोह ५ टक्क्यांच्या पातळीवर वेगळे करता येईल का? किती टेस्ला क्षेत्र पुरेल? आणि जलद थंड केलेला नमुना पुन्हा ५०० अंशांना तापवून ठेवल्यावर २१ केल्विनचे शिखर १० कडे परतले, तर अदलाबदल हेच कारण मानावे, की त्याच वेळी निवळणारे ताण आणि ऑक्सिजनची कमतरता यांचाही हिशेब आधी लावावा लागेल? ज्यांनी स्वतः अशी मापने केली आहेत त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. कच्चे वक्र मागितल्यास इथेच देतो.