कुत्र्याचा ट्रेनर बदलायची वेळ आली, हे तुम्हाला कशावरून कळलं?

धागाकर्ती, पुणे
आमची राणी गावठी, आठ महिन्यांची. ट्रेनर आठवड्यातून तीनदा येतात. त्यांच्यासमोर ती सगळं करते, ते गेले की काहीच नाही. हल्ली त्यांच्या स्कूटरचा आवाज आला की पलंगाखाली शिरते. बाबा म्हणतात, "धाक बसलाय, चांगलंच आहे." मला पटत नाही. आपल्याकडे ट्रेनर व्हायला परवाना लागत नाही, म्हणजे पारख आपणच करायची. तुम्हाला नेमकं काय दिसलं ते लिहा. बदलून पस्तावला असाल तर तेही लिहा.

नाशिक
आमचा लॅब्रॅडॉर चार वर्षांचा. "बस" म्हटलं की अर्धवट बसून उठायचा. ट्रेनर म्हणाले, हट्टी झालाय, मागून दाबा. आम्ही दीड महिना दाबत राहिलो. लसीला नेलं तेव्हा डॉक्टरांनी त्याची चाल बघून एक्स-रे काढायला लावला. खुब्याचा सांधा नीट बसलेलाच नव्हता. हिप डिस्प्लेसिया, या जातीत बराच आढळतो. म्हणजे आम्ही दुखऱ्या जागेवरच दाबत होतो. ते आठवलं की अजून पोटात तुटतं. येत असलेली गोष्ट कुत्रा अचानक करेनासा झाला, तर चांगला ट्रेनर आधी विचारतो, "डॉक्टरांना दाखवलंत का?" आमच्यांनी एकदाही विचारलं नाही.

सोलापूर
आमचे ट्रेनर वाईट नव्हते, हे आधी सांगते. त्यांचा हात अल्सेशियनवर बसलेला आणि आमचा कारवान. नजरेनं शिकार करणारी जात. लांबवर काही पळताना दिसलं की हाक कानात शिरतच नाही. एकच गोष्ट वीस-वीसदा करायला लावली की तो तोंड फिरवून आडवा व्हायचा. दुसऱ्यांनी पाच-पाच मिनिटांचेच धडे ठेवले, मोकळ्या रानात, लांब दोरीवर. हाकेला आला की बक्षीस म्हणून पुन्हा पळायला सोडायचं. महिन्याभरात तो वळून बघायला लागला.

कोल्हापूर
कुत्रा एकवीस दिवस ट्रेनरकडेच ठेवायचा होता. "भेटायला येऊ नका, शिस्त बिघडते." आम्ही ऐकलं. परत आला तेव्हा चोक चेननं (ओढली की गळ्याभोवती आवळणारी साखळी) मानेवरचे केस गेलेले, खाली जखम. मालकाला बघू देत नाहीत तिथे कुत्रा ठेवू नका.

ठाणे
मी उलटं सांगतो. आम्ही दोन ट्रेनर बदलले. तिसऱ्या बाईंनी कुत्र्याकडे न बघता घरातल्या पाचही जणांना विचारलं, त्याला बसायला काय म्हणता? "सिट", "बस", "खाली", "बैस रे", आणि आई काहीच न म्हणता भाकरीचा तुकडा द्यायची. आधीच्या दोघांचा काही दोष नव्हता. राणी ट्रेनर गेल्यावर काही करत नाही म्हणता, तर ते शिकवताना घरचं कोणी सोबत असतं का?

धागाकर्ती
नसतं. आज पहिल्यांदा पूर्ण तास उभी राहिले. राणी सारखी ओठ चाटत होती, जांभया देत होती, कान मागे, म्हणजे ताणाखाली होती. मी विचारलं, चिकनचे तुकडे देऊन शिकवू या का? "लाच दिली की कुत्रं बिघडतं," म्हणाले, आणि साखळीला हिसका दिला. ती ओरडली. महिन्याचे पैसे देऊन मी त्यांना थांबवलं. बाबाही काही बोलले नाहीत.

नव्या ताईंशी फोनवर बोलले. त्या म्हणाल्या, "पहिल्या दिवशी मी तिला हात लावणार नाही. नुसती अंगणात बसेन."